पंख्याची घरघर

मनुष्याचा कान मोठा सोशिक आहे. डोळ्यांस न रुचणारी वस्तु समोर आली तर आपण तोंड फिरवितों, जिभेस न रुचणारा घास बाजूस सारितों. पण एकसारखा कानांवर पडणारा आवाज मात्र दोनचार दिवसांत अंगवळणीं पडतो, आणि पुढें तर तो आहे हेंहि आपण विसरून जातों. गिरणीजवळ राहणाऱ्यास गिरणी ऐकूं येत नाहीं व ओढ्याकांठीं राहणाऱ्यास ओढा. परंतु आपण आवाज विसरलों म्हणून त्यानें आपलें नुकसान करणें सोडून दिलें, असें मात्र होत नाहीं. आपल्या शाळेच्या संगणक-वर्गांत याचा जो अनुभव आम्हांस आला, तो विद्यार्थिमित्रांपुढें मांडावा, या हेतूनें हे चार शब्द लिहीत आहों.

या वर्गांत सोळा संगणक आहेत. ते नवे नाहींत. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनीं आपापल्या कचेऱ्यांतील जुनीं यंत्रें मोठ्या प्रेमानें शाळेस दिलीं, तींच हीं. प्रत्येकाच्या पाठीमागें ८० मिलिमीटर रुंदीचा एक पंखा असून तो आंतली तापलेली हवा बाहेर टाकतो. एकच यंत्र चालूं असेल तर झोंपलेल्या माणसाच्या श्वासाइतकाच काय तो आवाज. पण सोळा पंखे एकदम फिरूं लागले कीं, मोहोळ उठल्यासारखी घरघर खोलीभर पसरे. दुपारीं मधूनच वीज जाई, तेव्हां सारे पंखे थांबत, आणि क्षणांत अशी शांतता होई कीं, मुलें आपोआप हळू बोलूं लागत. त्यापूर्वीं आपण सारेच ओरडून बोलत होतों, हें तेव्हां कोठें ध्यानांत येई.

नववींत एक मुलगी होती. तिचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. मराठीच्या तासाला ती नेटकीं उत्तरें देई, पण संगणकाच्या तासाला शेवटच्या रांगेंत मुकाट्यानें बसे. कोणी म्हणे, तिला या विषयाची गोडी नाहीं; कोणी म्हणे, तिला यंत्राची भीति वाटते. एके दिवशीं वीज गेली, पंखे थांबले, आणि त्या शांततेंत शेवटच्या रांगेंतून तिचा नेहमींचा हळुवार आवाज आला: “सर, वीज गेली म्हणजे आपण लिहिलेलं जातं कुठं?” प्रश्न असा होता कीं, त्यावर सबंध तास खर्चीं घालावा, आणि वीज येईपर्यंत आम्हीं तो घातलाहि. तास संपल्यावर आम्हीं तिला जवळ बोलावून विचारलें कीं, बाई, असे प्रश्न तूं एरवीं कां विचारीत नाहींस? ती खालीं पाहून म्हणाली, “मोठ्यानं बोललं कीं माझा आवाज फाटतो, सर. मग सगळे हंसतात.”

त्या दिवसापासून त्या घरघरीकडे आम्ही निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९९ सालीं आवाजासंबंधीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत शिकविणें चालूं असतांना वर्गांतील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलहून अधिक नसावा असें म्हटलें आहे. आतां डेसिबलचें गणित नेहमींच्या बेरजेसारखें नाहीं. एकसारख्या आवाजाच्या दोन वस्तु शेजारीं ठेविल्या तर डेसिबल दुप्पट होत नाहींत, केवळ ३ नीं वाढतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ व आठांचे सोळा पंखे होतांना असें दुपटीकरण चार वेळां होतें. म्हणजे एकूण वाढ १२ डेसिबलची. एका पंख्याचा आवाज ३६ डेसिबल धरला आणि सारे पंखे ऐकणाऱ्यापासून सारख्याच अंतरावर आहेत असें मानलें, तर सोळांचा आवाज ४८ होतो. एक एक यंत्र तपासलें तर प्रत्येक निर्दोष, पण सोळा निर्दोष मिळून वर्ग बुडवितात, असा हा प्रकार आहे.

मग हे पंखे हवेतच कशाला, असें कोणी विचारील. १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीचा वैयक्तिक संगणक (पर्सनल कॉम्प्युटर) निघाला, त्यांतील मुख्य प्रोसेसरवर पंखा तर नव्हताच, पण उष्णता पसरविणारा धातूचा ठोकळाहि नव्हता. १९८४ सालीं ॲपल कंपनीनें जो मॅकिंटॉश आणला, त्यांत तर एकहि पंखा नव्हता. गरम हवा आपण होऊन वर चढते, या तत्त्वावर तो थंड राही. परंतु यंत्राच्या पोटांत अधिक वस्तु येऊं लागल्या, तशी उष्णताहि वाढली, आणि १९८७ च्या मॅकिंटॉश एस. ई. मध्यें पंखा घालावा लागला. पुढें प्रोसेसर जसजसे वेगवान् झाले, तसतशी पंख्यांची संख्या वाढत गेली. संगणक जी वीज पितो, ती जवळजवळ सारी शेवटीं उष्णतेच्या रूपानेंच बाहेर पडते. ती न काढली तर यंत्र टिकणार नाहीं. तेव्हां पंखा काढून टाकणें हा उपाय नव्हे. प्रश्न इतकाच कीं, तो जितक्या वेगानें फिरतो, तितक्या वेगाची खरोखर गरज आहे काय?

येथें पंख्याची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. त्याच्या फिरणाऱ्या भागांत एक वाटोळा चुंबक असतो व स्थिर भागांत तारेचीं वेटोळीं असतात. चुंबकाचें कोणतें ध्रुव समोर आलें आहे, हें ओळखणारा एक लहानसा तुकडा त्या वेटोळ्यांजवळ बसविलेला असतो. १८७९ सालीं एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्यानें शोधून काढलेल्या परिणामावर तो चालतो. ध्रुव ओळखून त्या त्या वेटोळ्यांतून वीज सोडली जाते व चुंबक पुढें ढकलला जातो. हा पंखा १२ व्होल्ट दाबासाठीं बनविलेला असतो. दाब कमी केला कीं वेग कमी होतो, आणि वेग कमी झाला कीं आवाज उतरतो. पण किती उतरतो, तेंच लक्षांत घेण्याजोगें आहे.

पंख्यांचे नियम असे आहेत कीं, वाऱ्याचें प्रमाण वेगाच्या प्रमाणांत, वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत व पंखा फिरविण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत बदलते. आवाज तर याहूनहि वेगानें उतरतो. वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारें १५ डेसिबलनीं खालीं येतो. दर मिनिटास २४०० फेरे घेणारा पंखा १५०० वर आणला तर वारा शेंकडा ६२ च्या आसपास उरतो आणि आवाज सुमारें १० डेसिबलनीं कमी होतो. इतका फरक कानाला जवळजवळ निम्म्यासारखा वाटतो. शिवाय सोळाहि पंख्यांचे दहा दहा डेसिबल कमी झाले, म्हणजे सबंध खोलीचेहि दहाच कमी होतात. थोडा वारा देऊन पुष्कळ शांतता मिळते, असा हा सौदा आहे.

सौदा चांगला होता, पण मुख्याध्यापकांनीं जी शंका काढली, तीहि रास्त होती. ते म्हणाले, “मास्तर, हीं यंत्रें तापून गेलीं तर दुसरीं कोठून आणायचीं?” शाळेजवळ नवीं घेण्यास पैसा नाहीं, हें आम्ही सारे जाणतों. एका मुलीचा आवाज ऐकूं यावा म्हणून सोळा यंत्रें आणि त्यांवर शिकणारीं शेंकडों मुलें यांस धोक्यांत घालणें कोणासहि मान्य होणार नाहीं. म्हणून असें ठरलें कीं, प्रथम एकाच यंत्रावर प्रयोग करावा, आणि तोहि एप्रिलच्या कडक उन्हांत, दुपारीं दोन वाजतां. पौष महिन्याच्या गारठ्यांत सिद्ध झालेली गोष्ट चैत्राच्या उन्हांत टिकेलच, असा भरंवसा नसतो.

प्रयोगापूर्वीं दहावीच्या दोन विद्यार्थ्यांकडून आम्हीं हिशेब करविला. दहा लिटर हवेचें वजन सुमारें १२ ग्रॅम असतें, आणि एक ग्रॅम हवा एक अंश तापविण्यास सुमारें एक जूल उष्णता लागते. यंत्र ६० वॅट वीज घेत आहे व पंखा दर सेकंदास १० लिटर हवा बाहेर टाकीत आहे, असें धरलें तर बाहेर पडणारी हवा खोलीतील हवेहून ५ अंशांनीं गरम असेल. वारा शेंकडा ६२ वर आला तर हाच फरक ८ अंशांचा होईल. म्हणजे वाढ ३ अंशांची. ती नगण्य नव्हे. यंत्रांतील विशिष्ट प्रकारच्या कॅपॅसिटरांचें आयुष्य दर १० अंश वाढीस साधारणतः निम्मे होतें, असा यंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. तेव्हां शांततेची किंमत थोडी तरी मोजावी लागतेच. परंतु ती किंमत हिशेबांत बसणारी होती.

आतां दाब कमी करावा कसा? याच्या अनेक रीति आहेत, आणि प्रत्येकीचे गुणदोष निराळे. संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटींतून ज्या तारा निघतात, त्यांत पिवळी १२ व्होल्टची, तांबडी ५ व्होल्टची व काळी शून्याची असते. पंखा पिवळ्या व काळ्या तारांऐवजीं तांबड्या व काळ्या तारांस जोडला तर त्याला ५ व्होल्ट मिळतात. ही सर्वांत सोपी रीत. कित्येक हौशी लोक पंखा पिवळ्या व तांबड्या तारांमध्यें जोडून १२ मधून ५ वजा जातां ७ व्होल्ट मिळवितात. युक्ति चतुर खरी, पण आम्ही ती विद्यार्थ्यांस सुचविणार नाहीं. यांत पंख्यांतून गेलेली वीज तांबड्या तारेंत परत शिरते. आणि ती पेटी वीज देण्यासाठीं घडविलेली आहे, परत घेण्यासाठीं नव्हे. उद्यां पंखा आंतून जळून तारा एकमेकींस चिकटल्या, तर १२ व्होल्ट सरळ ५ व्होल्टच्या नाजूक भागांत घुसून सर्वनाश करतील.

आम्हीं पत्करलेली रीत जुनी व सालस आहे. ती म्हणजे तारेंत एक रेझिस्टर घालण्याची. आमच्या पंख्यावर १२ व्होल्ट व ०.१५ अँपिअर असें छापलेलें होतें. ओहमच्या नियमाप्रमाणें १२ भागिले ०.१५, म्हणजे ८० ओहम. पंखा हा कांहीं शुद्ध रोध नव्हे, तरी अजमासासाठीं हें पुरतें. त्याच्याशीं ४७ ओहमचा रेझिस्टर एकसरींत जोडला तर एकूण रोध १२७ ओहम होतो, वीजप्रवाह सुमारें ०.०९४ अँपिअर उरतो, व पंख्याच्या वाट्यास साडेसात व्होल्ट येतात. बाकीचे साडेचार रेझिस्टर खातो आणि त्यांची सुमारें ०.४ वॅट उष्णता करतो. येथेंच पुष्कळांची फसगत होते. बाजारांत सहज मिळणारा पाव वॅटचा रेझिस्टर येथें घातला तर तो करपून जाईल. म्हणून आम्हीं एक वॅटचा घेतला. मुलांनीं कथलाचा डाख देऊन तो जोडला, वर आवरण चढविलें, व व्होल्टमापकानें दाब मोजून पाहिला. पुस्तकांतला ओहम त्या दिवशीं त्यांच्या ओळखीचा झाला.

नव्या यंत्रांस मात्र या खटाटोपाची गरज नाहीं. त्यांच्या पंख्यांस चार तारा असतात. १२ व्होल्टचा दाब कायम राहतो, आणि चौथ्या तारेवरून दर सेकंदास सुमारें २५,००० स्पंदनें जाऊन वेग ठरवितात. मनुष्याचा कान २०,००० पलीकडचीं कंपनें ऐकूं शकत नाहीं, म्हणून त्यांची कुरकुर आपणांस जाणवत नाहीं. यंत्र सुरू होतांना जी मूळ मांडणी उघडतां येते, तींत उष्णतेप्रमाणें वेग बदलण्याची सोय असते. तेवढी नीट लाविली कीं काम झालें.

एप्रिलच्या त्या दुपारीं खोलींत ३८ अंश उष्णता होती. यंत्राला तासभर जड कामास जुंपलें. पूर्ण वेगाच्या पंख्याखालीं प्रोसेसर ६१ अंशांवर स्थिर झाला होता. साडेसात व्होल्टवर तो ६५ वर जाऊन थांबला. पांच व्होल्टवर पाहिलें तर पारा ७२ च्या पुढें सरकूं लागला, तेव्हां तो विचार तेथेंच सोडून दिला. प्रोसेसर फार तापला तर तो स्वतःच आपला वेग कमी करून जीव वांचवितो, हें खरें. पण ज्यास पदोपदीं जीव वांचवावा लागतो, त्याच्या हातून काम काय होणार?

पांच व्होल्ट नाकारण्यास आणखीहि एक कारण होतें, आणि तें विद्यार्थ्यांनीं मनांत ठेवण्याजोगें आहे. फिरत असलेला पंखा कमी दाबावरहि फिरत राहतो. पण थांबलेल्या पंख्यास हलविण्यास त्याहून अधिक दाब लागतो. सोळा पंखे आम्हीं एक एक करून पांच व्होल्टवर तपासले. आदल्या दिवशीं सारे मजेंत फिरत होते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वीज लावली, तेव्हां त्यांतले तीन नुसते थरथरून जागच्या जागीं राहिले. बोटानें किंचित् ढकलतांच ते चालूं झाले, परंतु रोज सकाळीं बोट लावण्यास कोण बसणार? म्हणून चालतांना पुरेल एवढा दाब पाहून भागत नाहीं. थंडीच्या सकाळीं, वंगण घट्ट झालेलें असतांना, स्वस्थ बसलेला पंखा उठेल एवढा दाब पाहावा लागतो. साडेसात व्होल्टवर सोळाहि पंखे त्यानंतरच्या डिसेंबरांत विनातक्रार उठले. जूनमध्यें शाळा उघडते, तेव्हां मुलांकडे पाहतांना आम्हांस हा नियम पुष्कळदां आठवतो.

दाबाच्या आधीं आणखी दोन साधीं कामें केलीं होतीं, तींहि सांगून ठेवितों. पहिलें, धूळ. पात्यांवर व जाळीवर बोटभर धूळ बसली असेल तर दाब कमी करणें म्हणजे दमेकऱ्याच्या नाकावर हात ठेवण्यासारखेंच होय. मऊ कुंचल्यानें ती काढली, तेवढ्यानेंच उष्णता कांहींशी उतरली. दुसरें, सैल पत्रे व स्क्रू. कांहीं यंत्रांचा खडखडाट पंख्याचा नव्हताच, पत्र्याचा होता. रबराच्या चकत्या घालतांच तो बंद झाला. मात्र ज्या पंख्याचा आंसच झिजला आहे, त्यास कमी दाब देऊन उपयोग नाहीं. तो बदलावाच लागतो. आणि एक ताकीद: प्रोसेसरवरील पंख्यास रेझिस्टर लावूं नये, व वीजपुरवठ्याची पेटी तर कधींच उघडूं नये. वीज बंद केल्यावरहि तिच्या पोटांत जीवघेणा दाब बराच वेळ टिकून असतो.

मे महिन्याच्या सुट्टींत उरलेलीं पंधरा यंत्रें तयार झालीं. जूनमध्यें पहिला तास घेतला, त्या दिवशीं वर्ग सुरू झाला तरी मुलांस तो सुरू झाल्यासारखें वाटेना. एकानें तर आपलें यंत्र चालत नाहीं अशी तक्रार आणली. छपरावरच्या पावसाचा आवाज, शेजारच्या वर्गांतील पाढे, कळफलकाची टकटक, एवढेंच काय नवीन ऐकूं येऊं लागलें. पुढच्या बांकांवरच्या दोघांचें कुजबुजणेंहि ऐकूं येऊं लागलें, आणि हा लाभ त्यांस फारसा रुचला नाहीं. शेवटच्या रांगेंतली ती मुलगी आतां दहावींत आली होती. पहिल्या आठवड्यांत ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या आठवड्यांत तिनें एक प्रश्न विचारला, तिसऱ्यांत दोन. आवाज तोच, हळुवार. फाटला नाहीं, आणि कोणी हंसलेंहि नाहीं. दिवाळीनंतर तर तिच्या प्रश्नांस उत्तरें देण्यासाठीं आम्हांसच आदल्या रात्रीं पुस्तकें उघडून बसावें लागूं लागलें.

हें सारें पंख्यानेंच घडविलें, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. मुलें वाढतात, आणि वाढण्याचीं कारणें एकाहून अधिक असतात. पण दार उघडण्याचें श्रेय बिजागरीस द्यावयाचें नसलें, तरी गंजलेली बिजागरी दार अडवूं शकते, एवढें तरी मान्य केलेंच पाहिजे. आणि आपल्या वर्गांत आणखी कोणकोणाचे आवाज कशाकशाखालीं दडपले गेले असतील, हा प्रश्न त्या दिवसापासून आम्हांस सोडीत नाहीं.

वर्गाच्या भिंतीवर आतां एक तक्ता लाविलेला आहे. त्यावर प्रत्येक यंत्राची दर महिन्याची उष्णता विद्यार्थी आपल्या हातानें लिहितात. एखादा आंकडा नेहमींपेक्षां पांच अंशांनीं वर गेला कीं, प्रथम कुंचला, मग स्क्रू, व शेवटीं व्होल्टमापक, असा क्रम ठरलेला आहे. पुढील एप्रिलमध्यें दुपारीं दोन वाजतां पुन्हां सोळाहि यंत्रांची परीक्षा घ्यावयाची आहे. ज्या विद्यार्थ्यांस ती पाहण्याची इच्छा असेल, त्यांनीं अवश्य यावें. येतांना वही आणावी, व प्रश्न विचारावयाचा असल्यास आपल्या नेहमींच्याच आवाजांत विचारावा. तो ऐकूं येईल.